भवऱ्याची धाव

मी भवऱ्या बोलतोय. मेंढा आहे, पण तुमच्या ओळखीतला नाही. मला लोकर नाही, वास नाही, भूक नाही. एका करड्या कॅसेटमध्ये मी राहतो. ती हातातल्या खेळण्यात बसवून बटण दाबलं की हिरवट काचेवर काळ्या ठिपक्यांचा होऊन उभा राहतो. बटण बंद झालं की पूर्वी मी कुठंच नसायचो. पुढं असायला लागलो. तेच सांगायचं आहे.

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. माझ्यासारखे लाखभर निघाले असतील. खेळ प्राण्यांच्या लढाईचा. दोन खेळाडू, दोन खेळणी, मधे एक वायर, आणि प्रत्येकाच्या पदरी तीन प्राणी. दोघांनी एकाच वेळी आपला डाव निवडायचा आणि ज्याचा प्राणी चपळ त्याचा वार आधी. कुणी आग ओकतो, कुणी पाणी फेकतो. मला असली थेरं येत नाहीत. मी अंगानं भिडणारा. शिंगं आणि धडक, बास.

पण एक देणगी मला आहे. लढाईतला एकेक डाव सरतो तसा माझा वेग आपोआप एक पायरी चढतो. पहिल्या डावात मी बैलगाडी, चौथ्या डावात माझ्या पुढं कुणी नाही. खोट एवढीच की कातडं पातळ. वेग चढायच्या आत एक चांगला फटका बसला की मी आडवा. लढाई संपली की चढलेला वेग उतरायचा. निदान कारखान्यानं तसं ठरवलं होतं.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत दिग्विजय पलटणीतून सुट्टीवर आला आणि बहिणीसाठी मला घेऊन आला. घर जतच्या बाजूचं, माळावरचं. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं हिंडलेली माणसं, आता थोडी ज्वारीही करत होती. बहीण पल्लवी सांगलीला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि माधवनगरात खोली घेऊन राहायची. घरातली पहिली शिकलेली मुलगी. डोकं तल्लख, आणि हरणं सोसायचं नाही. आमचं म्हणून तर जमलं.

खेळात प्राण्याला नाव द्यावं लागतं. एकदा दिलं की ते बदलत नाही. पल्लवी अडून बसली होती, तेवढ्यात तिचे वडील कोंडीबा शेजारी येऊन टेकले. त्यांनी काचेत डोकावून मला असं न्याहाळलं, जसं बाजारात जनावर न्याहाळतात.

"ह्यो तर मेंढा हाय गं!"

"व्हय आबा. नाव काय ठिवू?"

"भवऱ्या ठीव. आपल्या भवऱ्यावानीच उबा हाय बग."

आता हा दुसरा भवऱ्या, म्हणजे खरा, कुडाच्या वाड्यात बांधलेला असायचा. कपाळावर भोवरा असलेला, देवाला सोडलेला मेंढा. त्या घरची रीत अशी की देवाच्या मेंढ्याला विकायचं नाही, कापायचं नाही, टकरीला लावायचं नाही. म्हातारा होऊन आपल्या मरणानं मरेपर्यंत तो देवाचा.

कोंडीबांनी आणखी एक केलं. नवं जनावर दारात आलं की त्याला भंडारा लावतात. त्यांनी चिमूटभर भंडारा घेतला आणि माझ्या कॅसेटला लावला. "आजपासनं ह्यो बी आपलाच," म्हणाले.

रंगुबाई, त्यांची बायको, चुलीपुढून ओरडली. "आवं, देवाला सोडल्यालं नाव दोगांस्नी देत्यात व्हय?"

"आगं, खेळण्यातला हाय त्यो."

माणूस हसून काय काय करून बसतो, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पल्लवीनं एकेक अक्षर लावून नाव पुरं केलं, आणि मला भुकेसारखं काहीतरी वाटलं.

सांगलीत अवधूतचं व्हिडिओ गेम पार्लर होतं. पंचविशीचा, शहरी घरातला, हुशार गडी. त्याच्याकडंही हेच खेळणं होतं. पल्लवी तिथं गेली आणि पहिल्या तीन लढाया सपाटून हरली. पहिल्याच डावात ती मला धडक मारायला सांगायची आणि मी पोचायच्या आत आडवा व्हायचो. दोष तिचाच, माझा नाही.

रविवारी घरी गेल्यावर तिनं वडिलांना सगळं सांगितलं. कोंडीबांना चपळाईचे आकडे कळले नाहीत, पण मेंढा कळत होता.

"मेंढा कवा टक्कर मारतो? आदी मागं सरतो. मागं सरलेल्याला पळपुटा म्हनू नगंस. त्यो धाव गोळा करत असतोय."

पल्लवी टुणकन उठली. माझ्याकडं 'आडोसा' नावाचा डाव होता. घेतला की त्या डावापुरता कसलाच वार लागत नाही. लागोपाठ दोनदा घेतला तर फसतो, म्हणून ती वापरतच नसे. आता तिनं क्रम लावला. पहिल्या डावात आडोसा: वार फुकट गेला, वेग एक पायरी चढला. दुसऱ्यात शिंगं घासायची, म्हणजे जोर वाढतो. तिसऱ्यात धडक. समोरच्यानं डोळा उघडायच्या आत मी त्याच्या बरगडीत.

त्यानंतर आम्ही हरेनासे झालो. पार्लरमध्ये पोरं पाठीमागं उभी राहून बघायची. आणि मी, खरं सांगतो, माजलो.

पायाखाली खडे लागल्याचं मला पहिल्यांदा कळलं ते जानेवारीत. काचेतली जमीन सपाट असते, तिथं खडे नसतात. पण धडकेला निघालो आणि खुरांना मुरूम टोचला. नाकात धूळ गेली. मला नाक आहे हेही तोवर ठाऊक नव्हतं. लढाई संपली, बटण बंद झालं, तरी मी धापा टाकत होतो. आणि अंधारात कुणीतरी माझ्या मानेवर हात फिरवत म्हणत होतं, "काय झालं रं? काय बगितलंस?"

तो आवाज कोंडीबांचा होता.

पल्लवी महिनाभरानं घरी गेली तेव्हा कोंडीबा म्हणाले, "आपला भवऱ्या बिथरतोय गं. मागल्या गुरवारी दुपारी चार वाजता उठला आणि वाडाभर पळत सुटला. परत्येक फेऱ्याला जास्तीच. म्हातारं जनावर, कुटनं येतोय एवढा जोर?"

गुरुवारी चार वाजता आम्ही पार्लरमध्ये होतो. त्यापुढं पल्लवी प्रत्येक लढाईची वेळ वहीत लिहायला लागली आणि घरी गेली की विचारायला लागली. वेळा जुळत गेल्या. एकदा ऐन लढाईत खेळण्याचे सेल उतरले आणि काच विझली. त्या दिवशी मेंढा दिवस मावळेपर्यंत पळत होता, तोंडाला फेस आला तरी. एकदा मी फटका खाऊन आडवा झालो, तर मेंढा पळता पळता जागच्या जागी बसला आणि शांतपणे रवंथ करू लागला.

म्हणजे हिशेब साधा होता. माझा चढलेला वेग कुठंतरी उतरायचा, तो त्याच्या पायांत उतरत होता. बटण बंद करून तो थांबत नव्हता. मी पडलो तरच थांबत होता.

पल्लवीनं खेळ बंद केला. वही फाडली. महिनाभर मी टेबलाच्या खणात पडून होतो.

मग अवधूतनं माती खाल्ली. बसस्टॉपवर चारचौघांत तो तिला म्हणाला, "काय, आता येत नाहीस? बरोबर आहे. मेंढरं राखणाऱ्यांनी मेंढरंच राखावीत."

पल्लवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिकायला आल्यापासून ती हे वाक्य वेगवेगळ्या तोंडांनी ऐकत आली होती. "रविवारी दोन वाजता," ती म्हणाली. "शेवटची लढाई. सगळ्यांना बोलाव." खोलीवर येऊन मला हातात घेतलं आणि स्वतःशीच म्हणाली, "एकदाच. पाच मिनिटांत आटपीन. तेवढ्यानं आबाच्या मेंढ्याला काय हुतंय."

मला ओरडून सांगता आलं असतं तरी मी सांगितलं नसतं. हे लपवत नाही.

एप्रिलमधला तो रविवार. पार्लर गच्च भरलं होतं. अवधूतनं तयारी केली होती. त्याच्या दोन प्राण्यांनी आमचे दोन नेले, आम्ही त्याचे दोन नेले. उरलो मी, आणि त्याचं दगडी पाठीचं कासव. पल्लवीनं आडोसा घेतला. कासवाचा वार हवेत गेला. वेग चढला. मग शिंगं घासली. कासवाचा दणका बसला, पण मी कसाबसा उभा राहिलो. वेग पुन्हा चढला. आता एक धडक आणि खेळ खलास. माझ्या खुरांखाली मुरूम होता, डोक्यावर ऊन होतं, आणि मानेला दोर ताणलेला होता.

तेवढ्यात शेजारच्या एस.टी.डी. बूथवाल्या सुलाबाई दारात आल्या. पल्लवीचे घरचे फोन त्यांच्याकडंच यायचे. "पल्लवी, आईचा फोन आहे गं. रडताहेत त्या. चालूच ठेवलाय."

पल्लवी खेळणं हातात तसंच धरून वायरीसकट दारापर्यंत गेली. सुलाबाईंनी रिसीव्हर बूथच्या खिडकीतून तिच्या कानाशी धरला. रंगुबाई मेंढरांच्या वाड्यासमोरच्या दुकानातून बोलत होती.

"भवऱ्या सुटलाय! तुज्या बापानं दोर मनगटाला गुंडाळलाय, सोडंना झालाय. देवाचं जनावर हातनं जाऊ द्यायचं न्हाई म्हंतोय. बांधावर दोनदा आपाटलाय गं! आन् फुडं हीर हाय!"

पुढं विहीर होती. मलाही दिसत होती.

"अगं, डाव निवड की!" आतून अवधूत ओरडला. "घाबरलीस?"

पल्लवीनं काचेकडं पाहिलं. धडक मारली तर ती जिंकणार होती, सगळ्या पार्लरसमोर. पण ती धडक बाहेर कुणाच्या पायांत उतरणार हे तिला ठाऊक होतं. बटण बंद करून उपयोग नव्हता. मी आत शिंगं खाली घालून उभा होतो आणि मनात एकच होतं: सोड मला.

तिनं पुन्हा 'शिंगं घास' निवडलं.

मी सगळ्यांत चपळ होतो, म्हणून आधी माझी पाळी आली, आणि ती मी शिंगं घासण्यात घालवली. मग कासव आलं. मी आडवा झालो.

पार्लरमध्ये आरडाओरडा झाला. अवधूत टेबलावर चढून नाचला. पल्लवीला काही ऐकू येत नव्हतं. ती रिसीव्हर कानाशी दाबून उभी होती. "आये? आये, बोल की!"

बऱ्याच वेळानं रंगुबाईचा आवाज आला. "बसला गं. हिरीच्या काठाला बसलाय. तुजा बाप बी हाय."

कोंडीबांचं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मूठ पुरी मिटत नाही. दोराचा वळ तसाच आहे. पल्लवी हरली ती हरलीच. का हरली, हे ती अवधूतला कधीच सांगू शकली नाही. सांगितलं असतं तरी कोण विश्वास ठेवणार? मी खेळातल्या खेळात मूर्च्छित पडून राहिलो. खेळात एक दवाखाना असतो, तिथं नेलं की पडलेला प्राणी उठतो. ती मला तिथं न्यायची नाही.

दसऱ्याच्या आधी खरा भवऱ्या म्हातारपणानं गेला. कोंडीबांनी त्याला बांधावर पुरला. पल्लवी दिवाळीला घरी आली. आता मेंढाच नाही, मग भीती कसली, असं तिला वाटलं असावं. का माझी आठवण आली? मला आवडेल तसं समजायला. सकाळची वेळ होती. ओट्यावर कोंडीबा चातीवर लोकर कातत बसले होते. तिनं बटण दाबलं, मला दवाखान्यात नेलं, आणि मी उठलो. खेळात गवतात रानटी जनावरं दबा धरून असतात; दवाखान्याबाहेर पडताच त्यातलाच एक किरकोळ उंदीर आडवा आला. लढाई सुरू झाली. तिनं सवयीनं आडोसा घेतला.

ओट्यावरची चाती खाली पडली.

कोंडीबा उठून उभे राहिले होते. मान खाली, डोळे समोर. ते ओट्यावरून उतरले आणि चालू लागले. रंगुबाई म्हणाली, "आवं, कुटं निगालासा?" त्यांनी ऐकलं नाही. अंगण ओलांडलं तेव्हा ते भराभरा चालत होते. पांदीच्या वाटेला लागले तेव्हा पळत होते. साठी उलटलेला माणूस, आणि दर पावलाला वेग चढत होता. माझ्या पायांना खडे लागत होते. या खेपेला खुरांना नाही. माणसाच्या अनवाणी तळव्यांना. मेंढा उरला नव्हता, तेव्हा माझा वेग त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला उतरला होता.

पल्लवीनं काय केलं असेल? ती रडत रडत मला उंदरापुढं उभं करत राहिली. दर डावाला मला नुसती शिंगं घासायला लावली आणि उंदीर चावत राहिला. त्याचे दात बारीक. अकरा चावे लागले. मी, ज्यानं सांगलीत भलेभले लोळवले, तो एका उंदराच्या दातांनी आडवा झालो. लाज वाटली, पण त्याहून जास्त राग आला, कारण मी भर वेगात होतो.

कोंडीबा अर्ध्या मैलावर डांबरी रस्त्याच्या मधोमध बसलेले सापडले. समोर उसाचा ट्रक करकचून थांबलेला होता. त्यांना काही आठवत नव्हतं. "कुनीतरी हाक मारल्यावानी झालं," एवढंच म्हणाले.

आता मी एका पत्र्याच्या डब्यात आहे. वर झाकण, झाकणावर चिकटपट्टीचे चार फेरे. पल्लवीला मला फोडून टाकायचं होतं. दगड उचललाही होता. पण फोडलं तर वेग कुठं जाईल, हे तिला ठाऊक नाही. मलाही नाही. माझ्या पोटात एक चपटा सेल आहे, त्याच्यावर माझं नाव आणि माझी आठवण टिकून आहे. तो आपोआप संपेपर्यंत वाट बघायची, असं तिनं ठरवलंय. दहा वर्षं म्हणतात. कोंडीबांना तेवढी मिळोत.

तेव्हा हा डबा कधी तुमच्या हाती लागलाच, तर उघडू नका. गंमत म्हणून बटण दाबू नका. मी पडलेला दिसलो तर दया करून दवाखान्यात नेऊ नका. त्या घरच्या माणसांनी माझं वाईट कधी केलं नाही. मला नाव दिलं, भंडारा लावला, आपला म्हटलं. त्यांचं वाईट व्हावं असं मलाही वाटत नाही.

पण माझ्यावर विसंबू नका. मला अजून धावायचं आहे.