मागील भागात न दाखवलेलं

परदेशातून आलेल्या त्या मालिकेचा एकेक भाग बावन्न मिनिटांचा होता, कारण तिकडच्या वाहिनीला मध्ये जाहिराती दाखवायच्याच नव्हत्या. इथल्या वाहिनीचं पोट मात्र जाहिरातींवर. तासातली सोळा मिनिटं साबणाला, मंजनाला आणि भिंतीच्या रंगाला द्यायची आणि उरलेल्या चव्वेचाळीस मिनिटांत ती गोष्ट कोंबायची. म्हणजे रोज आठ मिनिटं कापायची, आणि तीही कुणाच्या डोळ्यावर न येता. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून हे काम करणाऱ्या बाईला सगळं ऑफिस कात्रीताई म्हणायचं. पंधरा वर्षांत तिनं कित्येकांची भांडणं छाटली होती, एका डॉक्टरची तर अख्खी सासुरवाडी गायब केली होती. कुणाला पत्ताही लागला नव्हता.

तिचा नियम सोपा होता. ज्यात कुणी बोलत नाही, ते आधी जातं. चालणं, जिने चढणं, खिडकीतून बाहेर बघत बसणं, हे सगळं काढलं तरी गोष्ट कळतेच, असं तिचं म्हणणं. कापलेले तुकडे दर शनिवारी पुसून टाकायचे, असा ऑफिसचा नियम होता. हा मात्र ती बिनदिक्कत मोडायची. मालिका संपेपर्यंत सगळे तुकडे ती एका फोल्डरमध्ये साठवून ठेवी आणि त्या फोल्डरला तिनं नाव दिलं होतं ‘चिंध्या’. शिंप्याची लेक ती. कापड कापल्यावर उरलेलं फेकायचं असतं, हे तिच्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

शिंपी म्हणजे तिचे बाबा. चाळीस वर्षं दुकान चालवलं आणि डोळ्यांनी दगा दिल्यावर बंद केलं. आता सुईत दोरा ओवणं जमत नव्हतं, पण टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसलं की माणसं दिसायची. दुपारी चार वाजता तीच मालिका. एका म्हातारीचा मुलगा रागानं घर सोडून गेलेला, आणि साठ भाग झाले तरी परतलेला नाही.

‘‘येतो की नाही गं तो नालायक?’’ बाबा रोज विचारायचे.

‘‘बघा की, कळेल,’’ ती म्हणायची.

बस्स, तिच्या कामाविषयी एवढंच बोलणं. बाबांच्या लेखी जगात दोनच प्रकारची कामं होती. माप घेऊन, कापून, जे शेवटी माणसाच्या अंगावर नीट बसतं, ते दुकान. बाकी सगळी नोकरी. लेक करते ते म्हणजे ‘दुसऱ्यानं नीट शिवलेलं उसवायची नोकरी’. हे तिला लागायचं. ती बोलून दाखवत नसे, पण लागायचं.

त्यात साहेबांनी नवं पिल्लू सोडलेलं. बाजारात म्हणे एक यंत्र आलं होतं. ते काही कापत नाही, अख्खा भागच जरा वेगानं पळवतं. माणसं थोडी घाईत बोलतात, थोडी घाईत रडतात, पण आठातली निम्मी मिनिटं वाचतात. उरलेली चार यंत्रच कुठूनतरी खरवडून काढतं. ‘‘तुमच्या कामात एक जरी चूक सापडली ना ताई,’’ साहेब म्हणाले होते, ‘‘तर पुढची मालिका यंत्राकडे.’’

शेवटच्या भागाचं डबिंग चालू असताना म्हातारीला आवाज देणाऱ्या काकू कात्रीताईच्या खोलीत आल्या. डबिंग नेहमी कापलेल्या भागावरच होत असे, त्यामुळे काकूंनीही मूळ मालिका पाहिलेली नव्हती.

‘‘काय गं, हा मुलगा दारात येतो आणि सरळ कुंडीखाली हात घालून किल्ली काढतो. याला कसं कळलं किल्ली तिथे आहे?’’

‘‘लहानपणापासून ठेवत असतील.’’

‘‘मग आम्हाला नको का कळायला? एवढे साठ भाग रडले मी, आणि हा भुरट्या चोरासारखा आत शिरतो!’’

काकू गेल्या. कात्रीताईनं चिंध्यांचा फोल्डर उघडला. तिसरा भाग: म्हातारी संध्याकाळी बाहेर पडताना दाराला कुलूप लावते, किल्ली कुंडीखाली सरकवते. अकरा सेकंद. कुणी बोलत नाही. सतराव्या भागात पुन्हा तेच, फक्त कुंडीतलं रोप वाढलेलं. एकोणतिसाव्यात रोप वाळलेलं. चव्वेचाळिसाव्यात कुंडी नवी. अठ्ठावन्नाव्यात म्हातारीला वाकता येत नाही, ती पायरीवर बसून किल्ली सरकवते.

पाचही वेळा तिनं ते कापलं होतं. नंतरच्या प्रत्येक वेळी तर ‘हे मागंही होतं, पुन्हा कशाला’ असं स्वतःशी म्हणून. ते पुन्हा पुन्हा येतं म्हणूनच ठेवायचं असतं, हे पंधरा वर्षं मुरलेल्या बाईला कळू नये! तिला स्वतःच्या बोटांची लाज वाटली.

आता गप्प बसणं सोपं होतं. साहेबांना कळलं नसतं, प्रेक्षकही चुकचुकून पुढे गेले असते. फक्त टीव्हीजवळ खुर्ची ओढून बसलेला एक माणूस, साठ भाग वाट पाहून, कोण कुठल्या किल्लीनं आत शिरतंय ते बघत राहिला असता. तिनं हिशेब मांडला. सुरुवातीला ‘मागील भागात’ म्हणून वीस सेकंद असतात. पाचही तुकडे घ्यायचे तर पन्नास हवीत. शेवटचा भाग आधीच इतका घट्ट बसवलेला की आणखी एक सेकंद निघत नव्हता. ती जिना चढून साहेबांकडे गेली.

‘‘मला तीस सेकंद हवीत. आपल्याच वाहिनीची ती ‘लवकरच येत आहे’ जाहिरात उद्या एकदा नाही लागली तर चालेल.’’

साहेबांनी तुकडे पाहिले. ‘‘मागील भागात म्हणायचं आणि मागच्या एकाही भागात नसलेलं दाखवायचं? लोक वेडे आहेत का?’’

‘‘होतं साहेब. मी कापलं. पाच वेळा.’’

‘‘हे मला सांगताय? मी काय म्हणालो होतो ते आठवतंय ना?’’

‘‘आठवतंय. यंत्राचं तुम्ही खुशाल ठरवा. पण हा भाग मला नीट करू द्या.’’

साहेबांनी पेन टेबलावर आपटलं. मग त्यांनी अठ्ठावन्नाव्या भागातला तुकडा पुन्हा लावायला सांगितला. म्हातारी पायरीवर बसली. ‘‘हे पुसलं नव्हतंत? नियम आहे ना?’’

‘‘आहे.’’

‘‘यंत्रानं पुसलं असतं,’’ साहेब पुटपुटले. ‘‘घ्या तीस सेकंद. आणि पुढची मालिका एकशे दहा भागांची आहे. ती तुमचीच. चिंध्यांसकट. जा आता.’’

दुसऱ्या दिवशी ती अर्धी रजा टाकून चारच्या आत घरी पोहोचली आणि बाबांच्या खुर्चीमागे उभी राहिली. ‘मागील भागात’ अशी अक्षरं आली. म्हातारीनं किल्ली ठेवली. रोप वाढलं, वाळलं, कुंडी बदलली. म्हातारी पायरीवर बसली.

बाबा पुढे झुकले. ‘‘हे दाखवलं नव्हतं कधी.’’

‘‘नव्हतं बाबा. माझ्याकडून कापलं गेलं होतं.’’

तीन वेळा जाहिराती आल्या नि गेल्या. अगदी शेवटी तो मुलगा दारात आला, न बघता खाली वाकला आणि त्याचा हात बरोबर कुंडीखाली गेला. बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं काचा पुसल्या. मग डोळेही पुसले. तिलाही रडू आलं, आणि तिनं ते आवरलं नाही.

लहान मुलांचे कपडे शिवताना बाबा जास्तीचं कापड कधी कापत नसत. आत दुमडून ठेवायचे, पोर वाढलं की सोडायला.

‘‘कापलेलं आत ठेवलं होतंस?’’ त्यांनी विचारलं.

‘‘ठेवलं होतं.’’

‘‘मग सोडलंस ते बरं केलंस. बसलं नीट.’’ मंजनाची जाहिरात सुरू झाली तसा त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे वळून विचारलं, ‘‘उद्या किती वाजता उघडतेस गं दुकान?’’