कागदावरचं नाव

"नाव?"

"बाना चोला."

बा जेरेंची काठी ओट्यावर आपटली. "कागदावरचं! माकडं खाऊन खाऊन तुम्हा बेम्बांची अक्कलही झाडावर चढली का गं?"

"उंदीर खाणाऱ्यांनी अकलेच्या गोष्टी करू नयेत," ती म्हणाली आणि हसू दाबून ताठ बसली. "एक्झिल्डा न्कांडू."

"पुन्हा. घशातून नको, छातीतून."

"एक्झिल्डा न्कांडू."

"हां. आता कसं माणसाचं नाव वाटलं."

बा जेरे कोर्टातले निवृत्त कारकून, जातीचे न्गोनी. त्यांच्या लोकांची आणि हिच्या बेम्बा लोकांची पणजोबांच्या काळात लढाई झाली होती. लढाई विझली, तिची थट्टा तेवढी उरली, आणि थट्टेतला हक्क. म्हणून तर तीन आठवडे रोज सकाळी ते तिच्या ओट्यावर येऊन तिला शिव्या घालत होते आणि मुलाखतीची तयारी करून घेत होते. फुकट. बदल्यात शेंगदाण्याच्या कुटातली भाजी आणि ओरडायची मुभा.

तिला स्वतःचं नाव परक्याच्या चपलेसारखं सैल होत होतं. ते तिनं वापरलंच होतं कधी? चोला जन्मली आणि दुसऱ्या दिवसापासून ती चोलाची आई, बाना चोला झाली. शेजारी, चर्च, बाजार, नवरा होता तोवर नवरासुद्धा, सगळ्यांच्या तोंडी तेच. एकदा आई झालेल्या बाईला तिच्या नावानं हाक मारायची म्हणजे तिला हलकं करायचं. नाव ठेवायच्या दिवशी बायकांनी उखळाभोवती गाणं जोडलं होतं :

चोला आली पोटी, तिनं मला नाव दिलं
जुनं माझं नाव बाई, ओढ्याकाठी वाहून गेलं

ते गाणं ती अजून कसावा कुटताना म्हणायची. चोलाला जाऊन नऊ वर्षं झाली होती. बारा वर्षांची पोर. ताप डोक्यात गेला आणि दोन दिवसांत संपली. पण पोर गेली म्हणून आई काही परत एक्झिल्डा होत नाही. दिलेलं नाव कोण परत घेतं?

"तुमचा दोष कोणता?" बा जेरेंनी विचारलं.

"मला रिकाम्या हातानं बसवत नाही."

"हा दोष झाला का?" त्यांनी विचार केला. "झाला. सांग बिनधास्त. आणि आत गेल्यावर गुडघे टेकायचे नाहीत. टाळ्या वाजवून नमस्कार करायचा नाही. ते काय तुझे सासरे आहेत? खुर्चीवर बसायचं आणि डोळ्यांत बघून बोलायचं."

"मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघू?"

"मग भुवयांत बघ. त्यांना कळत नाही. मी तीस वर्षं न्यायाधीशांच्या भुवयांत बघत होतो."

गावच्या रुग्णालयाच्या लाँड्रीत ती चौदा वर्षं रोजंदारीवर होती. ती आणि बाना बुपे, दोघी मिळून चार वॉर्डांच्या चादरी धुवायच्या. रोजंदारीला रजा नाही, दुखणं नाही. ज्या दिवशी हात चालला नाही त्या दिवशी ताटात काही नाही. आणि आता चौदा वर्षांनी एक कायमची जागा निघाली होती. वयाची अट पंचेचाळीस. ती चव्वेचाळीस वर्षं आणि सात महिन्यांची होती. पुढची जागा निघेल तेव्हा अर्जाच्या चौकटीत ती मावणार नव्हती. बाना बुपे तर आधीच पन्नाशीची. "तू जा," ती म्हणाली होती. "दोघींतली एक तरी खुर्चीवर म्हातारी होऊ दे."

अर्ज बा जेरेंनीच लिहिला होता, कोर्टातल्या गोल गोल अक्षरात. ओळखणाऱ्या माणसाच्या रकान्यात सिस्टर म्वाबांचं नाव. बावीस वर्षं त्या या रुग्णालयाच्या मेट्रन होत्या, आता दूर न्डोला शहरात लेकाकडे राहत. बाना चोलानं त्यांना फोन केला तेव्हा त्या ओरडल्याच होत्या, "बाना चोला! अगं, तुझ्यासाठी नाही बोलणार तर कुणासाठी बोलणार मी? येऊ दे त्यांचा फोन. असं सांगते की खुर्ची घेऊनच घरी जाशील."

"कागद?" बा जेरेंनी आता शेवटचं विचारलं.

"ओळखपत्र. बाप्तिस्म्याचा दाखला. सातवीचं सर्टिफिकेट."

"आणखी एखादा कागद?"

तिनं बायबलकडे पाहिलं आणि नजर वळवली. "नाही."

ती निघाली. जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यातून शोधलेला पांढरा ब्लाऊज, कोळशाच्या इस्त्रीनं कडक केलेला. लाल धुळीपासून स्कर्ट जपायला वरून चितेंगे, कमरेचं छापील कापड, गुंडाळलेलं. हातात पिशवी, पिशवीत बायबल. चोला गेल्यापासून ते तिच्याबरोबरच असे. बा जेरे काठी टेकत रुग्णालयाच्या फाटकापर्यंत आले आणि आंब्याच्या झाडाखाली बसले. "जा. आणि माकडासारखी ओरबाडू नकोस, सावकाश बोल."

*

टेबलामागे दोघं होती, राजधानीतून, लुसाकाहून आलेली. हिरव्या सुटातली अध्यक्षबाई आणि टाय लावलेला एक तरुण. त्याच्यासमोर कागदांचा गठ्ठा होता आणि प्रत्येक कागद तो पेनाच्या टोकानं सरकवत होता.

"नाव?"

"एक्झिल्डा न्कांडू." छातीतून आलं.

सगळं बा जेरेंनी सांगितलं तसंच घडत गेलं. चितेंगे सोडून पाठीवर टाकलं आणि ती खुर्चीवर बसली. भुवयांत बघितलं. बाईंनी विचारलं, रक्ताचे डाग कसे काढता? तिनं सांगितलं, आधी गार पाणी, गरम कधीच नाही, गरम पाण्यानं रक्त कापडाचंच होऊन बसतं. खोकल्याच्या वॉर्डाच्या चादरी वेगळ्या हौदात. बाळंतिणींच्या चादरी उन्हात आधी, कारण तिथं थांबायला कुणाला वेळ नसतो. दोष विचारला तेव्हा रिकाम्या हातांचं सांगितलं आणि बाई चक्क हसल्या. तिला वाटलं, मिळाली. बसल्या जागी तिला ती खुर्ची आपली वाटायला लागली.

मग बाईंनी चष्मा काढला.

"तुम्ही सिस्टर म्वाबांचं नाव दिलंय."

"हो, बाई."

"आज सकाळी आम्ही त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, एक्झिल्डा न्कांडू नावाच्या कुणालाही मी ओळखत नाही."

ती बाईंच्या भुवयांत बघत राहिली.

"अगदी स्पष्ट म्हणाल्या. त्या असंही म्हणाल्या, की माझं नाव पुढे करून कुणी नोकरी लाटत असेल तर तिला दारातूनच परत पाठवा."

पेनाच्या टोकानं तिचा अर्ज गठ्ठ्यातून बाजूला सरकला. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं. तो आवाज तिला ऐकू येत होता. बाईंचे ओठ हलताना दिसत होते, त्यातलं मात्र काही ऐकू येत नव्हतं. पायाखालची जमीन सरकली म्हणतात तसं काही झालं नाही. जमीन होती तिथंच होती, ती स्वतःच त्या जमिनीवर नव्हती.

सिस्टर म्वाबा. ज्यांनी चोलाचे डोळे मिटले. ज्यांनी त्या पहाटे तिला पोटाशी धरलं आणि म्हटलं, रड, बाना चोला, मोठ्यानं रड, इथं मी आहे. त्या म्हणाल्या, ओळखत नाही.

"काही बोलायचंय तुम्हाला?" तरुणानं विचारलं.

एकतीस प्रश्नांची उत्तरं तिला पाठ होती. हा त्यांत नव्हता. तिचं अंग आपसूक खुर्चीवरून खाली उतरलं, गुडघे फरशीला टेकले, हातांनी तीन मऊ टाळ्या वाजवल्या, सासऱ्यांपुढे वाजवतात तशा. मग ती उठली आणि बाहेर पडली. चितेंगे खुर्चीच्या पाठीवरच राहिलं.

*

"काय झालं?" बा जेरे उठायला लागले. तिचा चेहरा बघून अर्ध्यातच थांबले.

"सिस्टर म्हणाल्या, मला ओळखत नाहीत."

"कोण सिस्टर?"

"म्वाबा."

"बाई, चेष्टा पुरे."

"मी खोटी आहे म्हणाल्या. दारातून हाकला म्हणाल्या."

 बा जेरे काठीची मूठ चोळत बसले. "म्हातारपणी डोकं फिरलं असेल," ते शेवटी म्हणाले. "तू काही… तुमचं काही भांडण?"

"त्यांनी माझ्या लेकराचे डोळे मिटले, बा जेरे."

तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. तिनं कानाला लावला तो नुसता सवयीनं.

"बाना चोला! कशी झाली गं मुलाखत?" आवाज एवढा मोठा, की बा जेरेंनाही ऐकू आला. "सकाळपासून फोन हातात धरून बसलेय. तुझ्याबद्दल त्यांनी अजून विचारलंच नाही! फोन आला तो भलत्याच बाईसाठी. कोण एक्झिल्डा की कोण. माझं नाव देऊन शिरत होती बघ, तुझ्या जागेवर! असं झाडलं मी त्यांना. म्हटलं, त्या जागेवर हक्काची बाई आहे माझी."

 आंब्याची पानं हलत होती. बा जेरेंनी हळूहळू दोन्ही हात डोक्यावर नेले.

"बाना चोला? ऐकतेयस ना?"

"सिस्टर," ती म्हणाली, "एक्झिल्डा मीच."

पलीकडे काही पडल्याचा आवाज आला. भांडं असावं. 

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "नाही गं. असं कसं? चौदा वर्षं… मी तुला कधी विचारलंच नाही?"

"कुणीच विचारत नाही, सिस्टर. मीही तुमचं पाळण्यातलं नाव विचारलं नाही."

"माझ्या हातानं मी तुला… अरे देवा. फोन ठेव. ठेव आधी! मी त्यांना लावते."

फोन बंद झाला. "तीन आठवडे तुला नाव घोकायला लावलं," बा जेरे म्हणाले, "आणि त्या बाईला एक शब्द कळवायचं मला सुचलं नाही. तीस वर्षं कोर्टात काढली मी. तीस वर्षं!" त्यांचा आवाज फाटला. "ऊठ. त्यांची गाडी एक वाजता जाते. ऊठ, माझ्या माकडे, पळ."

*

अध्यक्षबाईंचा फोन टेबलावर पालथा होता. त्यांनी कपाळ चोळलं.

"आत्ताच बोलले मी त्यांच्याशी. रडत होत्या. पण तुम्हीच सांगा, एकच बाई सकाळी म्हणते ओळखत नाही, दुपारी म्हणते ओळखते. मी लुसाकाला काय लिहू? हजेरीपट मागवला, तर रोजंदारीवाल्यांची नावंच नाहीत, नुसते नंबर. लाँड्री चार."

"चार म्हणजे मी."

"माझा विश्वास आहे हो. पण विश्वास फायलीला लावता येत नाही. बाना चोला आणि एक्झिल्डा न्कांडू एकच बाई, असं म्हणणारा एखादा कागद आहे का? एक तरी?"

असा एकच कागद होता.

तिनं पिशवीतून बायबल काढलं. मधल्या पानांत चार घड्यांचा कागद होता, कडा पिवळ्या पडलेल्या. नऊ वर्षांत तिनं तो उघडला नव्हता. ती तो रोज सोबत न्यायची, पण उघडायची नाही. आता बोटांना घडी सुटेना. तरुणानं हात पुढे केला तेव्हा तिनं मान हलवली आणि स्वतःच उघडला, एक घडी, दुसरी, तिसरी, चौथी.

मेजावर ठेवला. त्यानं सवयीप्रमाणे पेन पुढे केलं आणि वाचायला लागला.

"मृताचं नाव, चोला…" त्याचा आवाज तिथंच थांबला. "वय बारा. याच रुग्णालयात. आईचं नाव…"

 पेन त्यानं खाली ठेवलं.

"एक्झिल्डा न्कांडू," ती म्हणाली. छातीतून नाही, आणखी खालून कुठूनतरी. "चोलाची आई."

अध्यक्षबाई उभ्या राहिल्या होत्या. कधी, ते त्यांनाही कळलं नसावं. खुर्चीच्या पाठीवरचं चितेंगे उचलून त्यांनी स्वतः तिच्या खांद्यावर ठेवलं. मग बसल्या आणि लिहायला लागल्या. लिहिताना एकदा चष्मा पुसला.

"एक तारखेपासून," त्या मान वर न करता म्हणाल्या.

तरुण कागदाची नक्कल काढून आला. सकाळपासून पेनानं कागद सरकवणाऱ्या त्या पोरानं हा कागद दोन्ही हातांत धरला होता, वडीलधाऱ्यांना काही द्यावं तसा. थोडा वाकून त्यानं तो तिच्यापुढे केला.

"घ्या, बाना चोला."

तिनंही दोन्ही हातांनी घेतला. काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा लावून, चादरीची घालावी तशी तिनं घडी घातली आणि बायबलात ठेवून दिली.

फाटकाकडे जाण्याआधी ती लाँड्रीच्या मागच्या अंगणात गेली. बाना बुपे एकटीच ओल्या चादरीशी झटत होती. एकटीनं पिळली की चादर पुन्हा जमिनीला लागत होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही, पावलांवरूनच ओळखलं.

"बाना चोला, ते टोक धर."

तिनं पांढऱ्या ब्लाऊजच्या बाह्या वर केल्या आणि टोक धरलं.