लाल चिंधीची पायरी

मी एक जुनी लाकडी शिडी आहे मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माझे डोके आज ठिकाणावर नाही. शिडीला डोके कुठे असते, असे विचारू नका. माझी दोन्ही टोके सारखीच आहेत, त्यामुळे लोक ज्या बाजूने उभी करतील ते माझे डोके. आमच्या गल्लीने मला इतक्या वेळा उलटीपालटी उभी केली आहे की खालचे कोणते आणि वरचे कोणते, हे मी विचारायचे सोडून दिले आहे.

माझा जन्म एका सुताराच्या पडवीत झाला. तो बोलायचा कमी आणि तासायचा जास्त. दोन उभे दांडे त्याने गुळगुळीत होईपर्यंत घासले. मग एकेक पायरी खाचेत बसवली, ठोकून पाहिली, मनासारखी बसली नाही की काढली आणि पुन्हा बसवली. त्याची बायको जेवायला हाका मारून दमली, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "हिच्यावर माणूस उभा राहणार आहे. जेवण थांबेल." ते वाक्य मी अजून जपून ठेवले आहे. पुढच्या साऱ्या आयुष्यात माझ्याबद्दल इतका विचार कोणी केला नाही.

तिथून मी खिळेकाकांच्या हार्डवेअरच्या दुकानात आले. खिळेकाका हे त्यांचे खरे नाव नव्हे, पण गल्लीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नाही. वरच्या फळीवरची बिजागरी काढायची, रंगाचे डबे रचायचे, एवढेच माझे काम होते. सुखाचे दिवस होते ते. पण वर्षाच्या अखेरच्या सुट्ट्या आल्या आणि माझे सुख संपले.

आमची गल्ली लहानशी आहे. तोंडाशी बेकरी, मग घड्याळदुरुस्ती, मग आमचे हार्डवेअर, पुढे सलून, आणि जिथे गल्ली भिंतीला टेकून संपते तिथे टेलरमावशींचे दुकान. सुट्ट्या लागल्या की गल्लीचा मेळा भरतो, साऱ्या दुकानांवर दिव्यांच्या माळा चढतात, संध्याकाळी गाणी होतात, मुलांच्या शर्यती होतात, आणि एरवी घाईने निघून जाणारी माणसे थोडा वेळ रेंगाळतात. दुकानदारांचे अर्धे वर्ष त्या गर्दीवर निघते. आणि एवढ्या साऱ्या गल्लीत शिडी किती, तर मी एकटी.

मला उसनी नेण्याची इथली रीत ऐका. नेणारा मला परत आणून देत नाही. काम संपले की जिथे असेन तिथे सोडतो, आणि ज्याला हवी तो शोधत येतो. "शिडी कुठंय?" हा प्रश्न त्या दिवसांत नमस्कारासारखा ऐकू येतो. कधी मी बेकरीच्या भट्टीमागे घाम गाळते, कधी सलूनच्या दारात माझ्यावर ओले टॉवेल वाळत असतात. माळा लागल्या की लोक माना वर करून म्हणतात, काय सुंदर दिवे आहेत. अरे, ते दिवे काय स्वतःच्या पायांनी वर गेले का? पण तेव्हा मी कुठल्या तरी कोपऱ्यात कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी असते, मूग गिळून.

हेही मी सोसले असते. पण एके वर्षी बेकरीभाऊ दुकानाची नवी पाटी एका खांद्यावर घेऊन माझ्यावर चढले. बेकरीभाऊ म्हणजे गल्लीच्या मेळ्याचे कायमचे अध्यक्ष. माणूस मनाचा मोठा आणि अंगानेही काही कमी नाही. शेवटाकडच्या एका पायरीवर त्यांनी पाय ठेवला आणि ती कडकन वाजली. मधोमध भेग गेली.

"काही वाजलं का रे?" त्यांनी विचारले.

"लाकूड आहे, वाजणारच," खाली धरून उभ्या असलेल्या खिळेकाकांनी सांगितले. मग भेग बघून म्हणाले, "उद्या बघू."

आता मला सांगा, ज्या माणसाच्या दुकानात स्क्रू आहेत, सरस आहे, करवत आहे, पाहिजे त्या जाडीचे लाकूड आहे, त्याने उद्याची वाट बघत बसावी का? पण काका सगळ्या गावाला दुरुस्तीचे सामान विकतात आणि स्वतःच्या वस्तूला हात लावत नाहीत. त्यांनी टेलरमावशींकडून लाल कापडाची एक चिंधी आणली आणि त्या पायरीला गाठ मारली. झाली दुरुस्ती. चिंधी दिसली की ती पायरी सोडायची, हे सगळ्यांनी लक्षात ठेवले. मी कधी या टोकावर तर कधी त्या टोकावर उभी राहणार, त्यामुळे ती पायरी कधी वर यायची, कधी खाली. म्हणून कोणी पायऱ्या मोजत नसे, सगळे चिंधीच शोधत. चिंधी विटली की काका नवी आणत. दर वर्षी ती ताजी लाल चिंधी पाहून माझा जीव जळायचा. एवढ्या फेऱ्यांत नवी पायरी नसती का झाली?

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते, म्हणजे माझा वैताग तुम्हांला नीट कळेल.

टेलरमावशींचे दुकान गल्लीच्या शेवटी. दिव्यांच्या माळा सलूनपाशी संपायच्या, आणि माळा संपल्या की गर्दीही तिथूनच मागे फिरायची. पुढे अंधार दिसला की माणसाला वाटते, पुढे काही नाही. मावशी दारात उभ्या राहून पाठमोरी माणसे बघत असत. गेल्या वर्षी त्यांनी मेळ्याच्या तयारीच्या सभेत सरळ सांगितले, "या सुट्ट्यांत माझ्या दारापर्यंत माणसं आली तर ठीक. नाहीतर मशीन विकून मी लेकीकडे राहायला जाते. तिथं नातवंडं सांभाळीन. पण मला नातवंडं सांभाळायची नाहीयेत, मला शिवायचंय."

बेकरीभाऊ कळवळले. पण माळा होत्या तेवढ्याच, त्या काही ताणून लांब होणार नव्हत्या. तेव्हा मावशींनीच मार्ग काढला. दुकानात साठलेल्या कापडाच्या तुकड्यांच्या त्यांनी पताका शिवल्या. पडद्यांचे तुकडे, शाळेच्या गणवेशांचे तुकडे, कुणाच्या लग्नातल्या कपड्याचे काठ. बेकरीच्या पाटीपासून त्यांच्या दारापर्यंत एकच लांबलचक ओळ होणार होती. ती बघत बघत माणूस चालत राहील आणि त्याला कळायच्या आत मावशींच्या उंबऱ्याशी पोचेल, असा तो बेत. दिवसभर गिऱ्हाइकांचे काम आणि उरलेल्या वेळात पताका. पायाने मशीन हाकून हाकून त्यांच्या पोटऱ्या भरून येत.

मेळ्याच्या पहिल्या दिवशी दुपारी बेकरीभाऊ पताका लावायला मला घेऊन निघाले. माझ्याकडे बघून त्यांनी नाक मुरडले. "ही काय मळकी चिंधी. आज तरी चांगली खूण बांधू." केकच्या खोक्यांना बांधायची चमकदार लाल फीत त्यांनी आणली, चिंधी काढून फेकली आणि त्या पायरीला फितीचे फूल बांधले. इथवर ठीक होते. मग ते दोन पावले मागे सरकले, मान तिरकी केली, आणि त्यांना वाटले, एकच फूल कसे तरी दिसते. म्हणून त्यांनी माझ्या झाडून साऱ्या पायऱ्यांना लाल फुले बांधली.

मी काय करणार? शिडी बोलत नाही. आणि खरे सांगायचे तर मी थोडी फुलूनही गेले. लोक थांबून म्हणू लागले, अरे वा, शिडीसुद्धा नटली आहे. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझे कौतुक करत होते. इतरांना चढवणाऱ्या मला त्या दिवशी हरभऱ्याच्या झाडावर चढवले गेले. धोक्याची एकुलती एक खूण शोभेत बुडाली आहे, हे सजवणाऱ्याच्या ध्यानात नाही, बघणाऱ्याच्या ध्यानात नाही.

संध्याकाळी गर्दी आली. पताका बेकरीवरून, घड्याळांवरून, हार्डवेअरवरून छान फडफडत होत्या. आणि नेमके शेवटचे टोक सुटले. मावशींच्या दारावरची गाठ वाऱ्याने निघाली आणि पताका सलूनसमोर जमिनीवर लोळू लागल्या. झाले, गर्दी दर वर्षीसारखी तिथूनच वळू लागली. मावशींनी ते पाहिले. कोणाची वाट न बघता त्यांनी मला फरफटत नेले, भिंतीला टेकवले आणि चढायला लागल्या.

चढताना त्यांनी सवयीने लाल रंग शोधला. तो तर सगळीकडेच होता. त्या क्षणभर थांबल्या. मी जीव तोडून करकरले. पण मी एरवीही करकरतेच, आणि तिकडे कर्ण्यावर मुलांची गाणी चालू होती, तेव्हा माझे कोण ऐकणार? भेगेची पायरी त्या वेळी खालच्या बाजूला होती. मावशींचा पाय तिच्या कडेला पडला आणि मी कशीबशी तग धरली. त्या वर गेल्या, पताका ओढून घट्ट गाठ मारली. मग उतरू लागल्या, आणि उतरताना सगळा भार त्या पायरीच्या मधोमध आला.

पायरी मोडली. मावशी खाली आल्या आणि घोटा धरून तिथेच बसल्या.

आता गर्दी आली. सारी गल्ली आली. ज्या दारापर्यंत माणसांनी यावे म्हणून मावशींनी एवढे शिवले, त्या दारात त्यांच्याभोवती पाय ठेवायला जागा उरली नाही. कोणी पाणी आणले, कोणी खुर्ची, घड्याळवाल्यांनी तर का कोण जाणे, घड्याळ आणले. बेकरीभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, "मी चिंधी काढली. मीच काढली."

"तू काढलीस," मावशी खिळेकाकांकडे बघत म्हणाल्या, "पण ह्यांनी बांधलीच का? पायरी बदलायची की कापड गुंडाळायचं?"

काका मान खाली घालून उभे राहिले. मला त्या क्षणी जे समाधान मिळाले ते लपवण्यात अर्थ नाही.

घोटा मुरगळला होता. हाड शाबूत होते, पण डॉक्टरांनी पाय जमिनीला टेकवायला मनाई केली. आणि मावशींचे मशीन पायाने चालणारे. सुट्ट्यांचा सारा हंगाम पुढे पडलेला, आणि त्या मशीनसमोर पाय उशीवर ठेवून बसलेल्या. लेकीचा फोन आला, "आता तरी ये." मावशींनी फोन ठेवून दिला. मशीनवर हात ठेवून त्या नुसत्या बसून राहिल्या. मी समोरच्या भिंतीला टेकून, मोडक्या पायरीनिशी ते पाहत होते. मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी खिळेकाका एक बुटके स्टूल घेऊन आले, मशीनच्या बाजूला बसले आणि मशीनच्या खालच्या पायपट्टीवर स्वतःचा पाय ठेवला. "तुम्ही कापड धरा. पाय माझा."

"हळू," मावशी म्हणाल्या. दोरा तुटला. "हळू म्हटलं ना. तुम्हांला सगळं उद्यावर टाकता येतं, मग आज एवढी घाई कशाला?"

ते ऐकायला रस्त्यावरची दोन माणसे थांबली, मग आणखी थांबली. संध्याकाळपर्यंत पाय मारायची पाळी बेकरीभाऊंवर आली, त्यांच्यानंतर सलूनवाल्यावर. मावशी हातांनी शिवत आणि तोंडाने साऱ्यांना झाडत. मेळ्यातल्या शर्यती ओस पडल्या आणि माणसे पताकांखालून सरळ गल्लीच्या टोकाला येऊ लागली. आलेली माणसे रिकाम्या हाताने थोडीच येतात? कोणाची विजारीची शिलाई उसवलेली, कोणाचे पडदे आखूड करायचे. उघड्या दारातून त्यांनी मावशींची शिलाई पाहिली आणि कपडे ठेवून गेली. हंगाम संपला तेव्हा लेकीला फोन मावशींनीच केला. म्हणाल्या, "तूच ये चार दिवस. मला सवड नाही."

काकांनी माझी पायरीही बदलली, मावशींनी समोर बसवून बदलून घेतली. चांगले जाड लाकूड, सरस, दोन्हीकडे स्क्रू. आता ती माझ्या अंगातली सगळ्यात मजबूत पायरी आहे. आणि मग काय केले असेल काकांनी? सवयीने लाल चिंधी आणली आणि तिलाच बांधली. वर्षभर सारी गल्ली माझी सगळ्यात भक्कम पायरी सोडून चढते आहे. या माणसांपुढे मी हात टेकले.

मित्रांनो, तुमच्या घरातही असे काहीतरी मोडके असेल आणि त्याला काहीतरी गुंडाळलेले असेल. ते गुंडाळलेले सोडा आणि आजच दुरुस्त करा. त्यावर उद्या कोणीतरी आपला सारा भार टाकून उभे राहणार आहे.

आज पुन्हा सुट्ट्या लागल्या. सकाळी "शिडी कुठंय?" ऐकू आले आणि मी मनात म्हटले, आली कटकट. मावशी आल्या होत्या. अजून किंचित लंगडतात. मला त्यांनी भिंतीला टेकवले, पताकांची गुंडाळी खांद्यावर घेतली. लाल चिंधीपाशी थांबल्या. खालून काका ओरडले, "ती सोडा, ती सोडा."

मावशींनी कमरेची कात्री काढली, चिंधी कापून खाली टाकली आणि त्या पायरीवर पूर्ण भार देऊन उभ्या राहिल्या.

मी करकरले नाही.