माझं तिसरं कलम

मी कायदा नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी विधेयक आहे. म्हणजे कायदा होण्याची आस धरून बसलेले दोन कागद, कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याने बांधलेले. सध्या माझा मुक्काम जुन्या कागदांच्या खोलीत, अगदी खालच्या फळीवर. इथे महिनोन् महिने कुणी फिरकत नाही. म्हणून तुम्ही दिसलात आणि राहवलं नाही.

माझा जन्म एका उसवलेल्या बाहीमुळे झाला. एक नवखे खासदार कोटाची बाही शिवून घ्यायला एका शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे गेले होते. मावशींनी सुई त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "एवढा दोरा ओवून द्या साहेब, मला आताशा दिसत नाही." दोरा ओवता ओवता खासदारांनी भिंतीवरच्या फोटोबद्दल विचारलं. फोटोत गणवेशातला मुलगा होता. चार वर्षांपूर्वी सीमेवरच्या बर्फात गेला, तो सापडलाच नाही.

हे सगळं मी नंतर ऐकलं, खासदार मसुदा लिहिणाऱ्या बाईंसमोर येऊन बसले तेव्हा. "पलटणीच्या दारात एक दगड आहे," ते सांगत होते. "गेलेल्यांची नावं त्यावर कोरतात. याचं कोरत नाहीत. सापडला नाही, तर सात वर्षं झाल्याशिवाय गेलेला धरायचा नाही, असा कायदा आहे. आणि मावशींची नजर चाललीय. त्यांना ते नाव एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचंय. बाकी काही नको म्हणतात."

बाईंची या कामात तीस वर्षं गेलेली. चष्मा कपाळावर असायचा आणि त्या तो टेबलावर शोधायच्या. खासदारांनी भावनेच्या भरात चार पानं लिहून आणली होती. बाईंनी ती वाचली आणि बाजूला ठेवली. "साहेब, दुःख शेवटच्या 'उद्देश आणि कारणे' या टिपणात घाला, तेही थोडक्यात. कलमात फक्त काम."

मग मी झालो. पहिल्या कलमात माझं नाव. दुसऱ्यात, जुन्या कायद्यातल्या 'सात वर्षे' या शब्दांच्या जागी 'एक वर्ष'. खासदार खूश होऊन उठायला लागले, तर बाई म्हणाल्या, "बसा. झालं नाही अजून. कायदा पुढे बघून चालतो. त्याला मागे वळायला सांगावं लागतं, नाहीतर तुमच्या मावशींच्या हाती भोपळा." आणि त्यांनी तिसरं कलम लिहिलं: हा बदल होण्यापूर्वी बेपत्ता झालेल्या कोणत्याही व्यक्तीलाही तो लागू राहील. माझा सगळा जीव या एका ओळीत आहे.

सरकारच्या विधेयकांना रोजचं ताट वाढलेलं असतं. आमच्यासारख्या एकट्यादुकट्या सदस्याच्या विधेयकांना पंधरवड्यातून एक दुपार, आणि तीही चिठ्ठ्या टाकून. आठ महिने माझी चिठ्ठी निघाली नाही. मी खासदारांच्या बॅगेत पडून असायचो, चष्म्याच्या डबीखाली. शेवटी निघाली तेव्हा माझा नंबर तिसरा होता.

त्या दुपारी खासदारांनी मावशींना मुद्दाम बोलावलं होतं. वर प्रेक्षकांच्या सज्जात बसून त्या ऐकणार होत्या. पण कामकाज सुरू झालं आणि दारावरून निरोप आला: मावशींच्या पिशवीत कात्री सापडली, सुरक्षारक्षक आत सोडत नाही, आणि त्या कात्री दुसऱ्याच्या हवाली करायला तयार नाहीत. खासदारांनी यादी बघितली. पुढे दोन विधेयकं होती, म्हणजे तासाभराची निश्चिंती. मला बाकावर ठेवून ते उठले.

पहिल्या विधेयकावर मंत्र्यांनी नुसतं "विचार करू" म्हटलं आणि त्या सदस्याने ते लगेच मागे घेतलं. दुसऱ्याच्या सदस्याला ताप आला होता. पाच मिनिटांत माझी पाळी! अध्यक्षांनी खासदारांचं नाव पुकारलं. मग पुन्हा एकदा पुकारलं. मी बाकावर होतो. पण कागदाला हात वर करता येत नाही. सदस्य जागेवर नसेल तर विधेयक पुढे येत नाही, असा तिथला नियम. अध्यक्षांनी यादीवर रेघ मारली आणि पुढचं नाव घेतलं.

कात्री स्वतःकडे ठेवून घेऊन, मावशींना सज्जात बसवून खासदार धापा टाकत आले तेव्हा मासेमारीच्या होड्यांवर चर्चा चालली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं आणि खाली बसले. वर सज्जात मावशी पदर सावरून, कान देऊन ऐकत होत्या. शेजारणीला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "आमचं आलं का हो?" संध्याकाळपर्यंत त्या होड्यांविषयी ऐकत बसल्या. त्यांना जाऊन सांगायचं धाडस खासदारांना लवकर झालं नाही.

पुढे निवडणूक आली. सभागृह बरखास्त झालं, त्याच्याबरोबर मीही निकालात निघालो. खासदार पडले. मला या फळीवर आणून ठेवलं.

दीड वर्षाने बाईंनीच मला बाहेर काढलं. सरकारने संरक्षण आणि इतर कायद्यांत बदल करणारं एक जाडजूड विधेयक आणलं होतं आणि त्याचा मसुदा बाईंकडे आला होता. एकशे बारा पानं, एकोणीस कायदे, त्यात बंदरांपासून बुटांपर्यंत सगळं. बाईंनी माझं दुसरं कलम त्यात उतरवलं, मग तिसरंही. वरच्या साहेबांनी दुसरं ठेवलं आणि तिसऱ्यावर लाल रेघ ओढली. "जुनी प्रकरणं उकरायची नाहीत," म्हणाले. बाई दोनदा भांडायला गेल्या आणि दोनदा परत आल्या. ते विधेयक अकरा मिनिटांत मंजूर झालं. माझी निम्मी काया कायदा झाली, पण मला आनंद झाला नाही.

त्यानंतर एका दुपारी मावशी आल्या. माजी खासदारांनी त्यांचा हात धरला होता, कारण आता त्यांना दिसत नव्हतं. कायदा बदलल्याचं त्यांना कुणीतरी वाचून दाखवलं होतं. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि खरं ते सांगितलं: बदल यापुढे बेपत्ता होणाऱ्यांनाच लागू आहे.

मावशी खुर्चीत पुढे सरकल्या. "पण तुम्ही तिसरं घातलं होतं ना? हे साहेब म्हणाले मला."

"घातलं होतं, मावशी."

"मग दाखवा."

बाईंनी मला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कापड पारखावं तसं मला दोन बोटांत धरून पाहिलं. "एवढ्याशा तुकड्यात बसलं होतं होय सगळं! माझं बोट ठेवा त्याच्यावर. माझ्या पोराचं नाव आहे का यात?"

"कायद्यात कुणाचंच नाव नसतं, मावशी. इथे 'कोणत्याही व्यक्तीलाही' असं लिहिलंय."

"कुठे?"

बाईंनी त्यांचं बोट त्या दोन शब्दांवर ठेवलं. सुयांनी टोचून टोचून राठ झालेलं ते बोट त्या शब्दांवरून सावकाश एकदा पुढे गेलं आणि मागे आलं. दगडावरची अक्षरं बोटाला लागतात. माझी छापलेली. त्यांच्या बोटाला काहीच लागलं नसेल.

"वाचलं," मावशी म्हणाल्या आणि उठल्या.

तेव्हापासून मी इथेच आहे. बाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी माझा सुटलेला दोरा पुन्हा बांधला. तुमच्यापैकी कुणी कधी त्या सभागृहात बसलात, तर खालच्या फळीवर या. एकच ओळ उतरवायची आहे. मावशींसारख्या आणखी किती जणी वाट बघत असतील. आणि माझं एवढं ऐका: तुमचं नाव पुकारलं जाईपर्यंत जागेवरून उठू नका, दारात कुणीही उभं असलं तरी.