बदलीवाला मागच्या फाटकावर

ज्या वर्षी नातीचे पुढचे दोन दात पडले आणि माझे उरलेसुरले दोन डॉक्टरनं काढले, त्या वर्षी मी वाचायला शिकलो. मला सदुसष्टावं लागलं होतं. नात रोज दुपारी मला गोष्ट वाचून दाखवायची आणि मला संशय होता की ती पानं गाळते. आत्ता तर राजपुत्र विहिरीत पडला होता, लगेच त्याचं लग्न कसं लागलं? विचारलं तर म्हणायची, "असंच लिहिलंय, आजोबा." अंगठेबहाद्दर माणसाला असंच लिहिलंय म्हटलं की त्याचं तोंड बंद.

शेवटी सुनेला म्हटलं, मला शिकव. तिनं औषधाच्या बाटल्यांवरून आणि साबणाच्या पुड्यांवरून शिकवलं. आधी आपली अक्षरं, मग इंग्रजी. सहा महिन्यांत मी नातीला पकडलं. पोरगी दर गोष्टीमागे चार पानं खात होती.

आकडे मात्र मला आधीपासून येत होते. चौतीस वर्षं मी एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होतो. लॉरीचा नंबर वळणावरच वाचायचो. त्या नोकरीचा एकच नियम होता. बदलीवाला समोर येऊन स्वतःच्या तोंडानं "आलो" म्हणत नाही तोवर जागा सोडायची नाही. तो लांबून दिसला, त्याची सायकल दिसली, चालायचं नाही. समोर उभा राहून बोलला पाहिजे. माझ्या बदलीवाल्याला सगळे साडेसहा म्हणायचे, कारण त्याची पाळी सहाला सुरू व्हायची. बावीस वर्षांत तो एकदाही वेळेवर आला नाही. त्यानं माझे किती अर्धे अर्धे तास खाल्ले याचा हिशेब मांडला तर तो मला एक अख्खं वर्ष देणं लागतो.

सून जेवणाच्या टेबलावर बसून काम करते. वेबसाइट बनवते आणि दूर कुठल्यातरी सर्व्हरवर चढवते. चढवणं म्हणजे काय, हे तिनं मला भाजी निवडताना समजावलं होतं. वेबसाइटला लागणारं सगळं सामान एका पेटीत भरायचं. त्या पेटीला कंटेनर म्हणतात. मग लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची. तेवढ्यावर ती पेटी सर्व्हरवर जाते, तिथं उघडते, सुरू होते.

"आणि जुनी पेटी?" मी विचारलं.

"जुनी चालूच राहते, बाबा. फाटकावरचा प्रोग्राम नव्या पेटीला विचारत राहतो, तयार आहेस का, तयार आहेस का. तिनं हो म्हटलं की लोकांना तिच्याकडे पाठवायचं आणि मग जुनीला सुट्टी. अर्ध्या मिनिटात उत्तर नाही आलं, तर नवीला घरी पाठवायचं. जुनी जागेवरच."

मी शेंगा खाली ठेवल्या. म्हटलं, "अगं, मग हे आमचंच काम आहे! एवढं शिकून तू पहारेकरीच झालीस की!"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोरी, त्यांना पाळीचं काही सांगू नकोस. संध्याकाळपर्यंत थांबायचे नाहीत."

आता त्या दिवसाचं सांगतो. डोळ्यांच्या एका दवाखान्याची साइट सुनेकडे होती. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी दहाला त्या साइटवर मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे नंबर सुटायचे. मागच्या महिन्यात दोन म्हाताऱ्यांना एकच नंबर मिळाला, सात. दोघी एकाच खाटेवर बसल्या आणि उठायला तयार नव्हत्या. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई सुनेला म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर हे काम माझ्या भावाला देईन, तो कधीचा मागतोय. घरात तेवढंच एक मोठं काम होतं आणि ते तिनं स्वतःच्या हिमतीवर मिळवलं होतं. तिनं चूक शोधली, साइट नव्यानं बांधली, आठ दिवस तपासली. एक तारखेला सकाळी नवी पेटी चढवायची, की दहाचे नंबर नव्या साइटवरून सुटतील, असं ठरलं.

सकाळी आठला सून ऑपरेशनच्या तारखांची यादी आणायला दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी माया दाखवली. म्हणाल्या, आलीच आहेस तर डोळे तपासून जा, दिवसभर स्क्रीनसमोर असतेस. आणि बोलता बोलता तिच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलं.

नऊला सून भिंत चाचपडत घरात आली. डोळे लाल, बाहुल्या घुबडासारख्या. म्हणाली, "बाबा, मला जवळचं काही दिसत नाही. दुपारपर्यंत दिसणारही नाही."

"मग अक्षरं मोठी कर."

"एवढी मोठी केली की स्क्रीनवर तीनच मावतात."

मुलगा बसवर ड्रायव्हर, पाळीवर असताना फोन बंद. बायकोला अक्षर येत नाही. उरलो मी. सून खुर्चीवर बसली, बोटं कीबोर्डवर ठेवली आणि म्हणाली, "टाइप मी न बघता करते. तुम्ही फक्त समोर काय येतंय ते वाचा, काही गाळू नका."

मी चष्मा पुसला. बायकोनंही माझाच चष्मा घेऊन पुन्हा पुसला, कारण माझं पुसणं तिला कधी पटत नाही.

सुनेनं ती ओळ टाइप केली. खिडकीत ओळी धावायला लागल्या. मी पहिलीपासून सुरुवात केली. "नऊ, दोन टिंबं, अकरा, दोन टिंबं, चार. मग आय, एन, एफ, ओ..."

"बाबा, पुढं."

"पुढं डी, ओ, सी..."

"तुम्ही कुठल्या ओळीवर आहात?"

"पहिल्या."

"आत्ता किती ओळी आल्यात?"

"शंभरेक असतील. पण मी क्रमानं घेतोय. तूच सांगितलंस, गाळायचं नाही."

बायको म्हणाली, "अहो, तुमची गाडी प्रत्येक अक्षराला का थांबते?"

सून शांत स्वभावाची, पण आवाज चढला तिचा. "बाबा, ते आकडे सोडून द्या. ती नुसती घड्याळाची वेळ असते. आकडे वाचूच नका. फक्त अक्षरं वाचा, आणि तीही शेवटच्या ओळीतली."

हुकूम म्हणजे हुकूम. मी आकडे सोडले.

शेवटच्या लाल ओळीचा अर्थ असा निघाला, की नव्या पेटीनं अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं नाही, म्हणून तिला परत पाठवलं. जुनी जागेवरच. सून म्हणाली, "माझ्या लॅपटॉपवर तर चालत होती!" पुन्हा ओळ टाइप केली. पुन्हा तेच.

साडेनऊ झाले. एवढ्यात डॉक्टरीणबाईंच्या भावाचा फोन आला. सुनेनं चुकून मोठ्या आवाजावर घेतला.

"काय ताई, होतंय का? नाहीतर मी बसलोच आहे मोकळा."

"होतंय," सून म्हणाली.

"घाई नको. म्हाताऱ्यांना खाटा जास्त लागतील का, तेवढं आधी सांग. म्हणजे सोय करता येईल."

बायकोनं फोन ओढून घेतला. "तू तुझी खाट सांभाळ," म्हणाली आणि बंद केला. मग विचारलं, "कोण होता?"

सूनबाईचे डोळे औषधानं गळत होते की कशानं, मला कळेना. ती म्हणाली, "बाबा, नवी पेटी स्वतः काय बोलत होती ते मागवते. नीट वाचा." तिनं टाइप केलं, चार ओळी आल्या. मी सावकाश वाचलं. अक्षरं जुळवून मी ओरडायचो आणि ती अर्थ सांगायची. पेटी सुरू झाली. सामान लावलं. ऐकते आहे.

"ऐकते आहे म्हणजे तयार आहे!" सून म्हणाली. "मग फाटकाला उत्तर का देत नाही? फाटकवाल्याची लाल ओळ पुन्हा वाचा."

वाचली. फाटकवाला म्हणत होता, मी विचारतोय, पलीकडून कोणी बोलत नाही. पेटी म्हणत होती मी उभी आहे, तो म्हणत होता कोणी आलंच नाही. पंधरा मिनिटं आम्ही त्याच दोन ओळी उलटसुलट वाचल्या. पावणेदहा झाले.

बायको मागं उभी राहून बघत होती. तिला अक्षर येत नाही, पण माझी नजर कुठं उडी मारते ते बरोबर कळतं. म्हणाली, "पोरी, हे गाळतायत हं. त्या ओळीच्या टोकाला काहीतरी आहे, तिथं आले की पुढं पळतात. नात यांच्यावरच गेलीय."

"मी गाळत नाही," मी म्हटलं. "आकडे सोडतोय. तिनंच सोडायला सांगितलंय."

सून वळली. त्या घुबडासारख्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "कुठले आकडे, बाबा? घड्याळाचे तर सुरुवातीला असतात."

"सुरुवातीला पण आहेत आणि शेवटी पण आहेत. मी सगळेच सोडले."

"शेवटचे काय आहेत?"

"पेटी म्हणते, ऐकते आहे, तीन हजार. फाटकवाला म्हणतो, विचारतोय, ऐंशी."

सुनेनं कपाळाला हात लावला. मी तिला काही विचारायच्या आत माझ्याच डोक्यात लख्ख पडलं. एका सकाळी आठ वाजले तरी साडेसहा आला नव्हता. मी पुढच्या फाटकावर उभा राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा वेळेवर आला होता, पण पुढं रस्ता खणला होता म्हणून मागच्या फाटकावर जाऊन उभा राहिला. दोन तास तो तिथं "आलो, आलो" म्हणत होता आणि मी इकडे शिव्या घालत होतो.

"बदलीवाला मागच्या फाटकावर उभा आहे!" मी ओरडलो.

"हो, बाबा," सून म्हणाली. ती हसत होती की रडत होती, कोण जाणे. "नव्या पेटीत मी दार बदललं, ऐंशी नंबरचं तीन हजार केलं. फाटकवाल्याला सांगायचं राहिलं. तो जुन्याच दारावर हाका मारतोय."

नऊ बावन्नला तिनं फाटकवाल्याच्या सूचनांची फाईल उघडली. ओळ कुठं घालायची ते मी सांगत होतो. "खाली. आणखी खाली. फार झालं, एक वर. थांब. शेजारच्या ओळीएवढी आत सरकव." तिनं टाइप केलं, मी आकडा वाचून दाखवला: तीन, शून्य, शून्य, शून्य. तीनदा वाचला. मग तिनं ती चढवायची ओळ पुन्हा मारली.

नऊ सत्तावन्न. ओळी धावत होत्या. मी आता एकही अक्षर वाचत नव्हतो, फक्त तीन हजार शोधत होतो. दिसला. त्याच्याखाली हिरवी ओळ आली. मी अक्षरं जुळवली. नवी म्हणाली, आले. मग फाटकवाल्यानं जुनीला सांगितलं, हातातलं काम पुरं कर आणि जा.

"झालं," मी म्हटलं. "बोलली. स्वतःच्या तोंडानं बोलली."

दहाला नंबर सुटले. सव्वादहाला डॉक्टरीणबाईंचा फोन आला, सगळे नंबर वेगवेगळे आहेत, काम तुझ्याकडेच राहील. भावाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही. बायकोनं सुनेच्या डोळ्यांवर ओला रुमाल ठेवला आणि मला म्हणाली, "आता बसा. फार वाचलंत."

साडेदहाला साडेसहाचा फोन आला. त्यालाही मोतीबिंदू होता आणि त्या दिवशी नंबर घ्यायचा होता. म्हणाला, "अरे, दहाला सुटतात ना नंबर? मी आत्ता बसलोय."

"लेका, अर्धा तास झाला सुटून!"

"मग? मिळाला की. एकेचाळीस."

"आणि माझ्या सुनेनं काय काय केलं माहीत आहे का तुला?" मी त्याला मागच्या फाटकापासून सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "त्या दिवशी मी वेळेवर आलो होतो, हे आज पहिल्यांदा कबूल केलंस."

त्याचं ऑपरेशन पाच आठवड्यांनी झालं. डोळा चांगला झाला. आमच्या घरी येऊन त्यानं नातीला गोष्ट वाचून दाखवली, एकही पान न गाळता, आणि नात मध्येच झोपली. पुढच्या वर्षी मार्च महिन्याच्या नऊ तारखेला, दुपारी जेवण झाल्यावर, साडेसहा वारला. या वेळी मात्र तो माझ्या आधी गेला, बदलीवाल्याची वाट न बघता.