उभ्याने घेतलेली मापं

मित्रांनो, क्रिकेटची गोष्ट म्हटली की तुम्ही बॅटीकडे नाहीतर चेंडूकडे वळून बघता. मी त्या दोघांपैकी कुणी नाही. मी हाताने चाक फिरवून चालवायची एक जुनी शिलाईची मशीन आहे. आपल्या देशाच्या मुलींचा संघ पहिल्यांदा समुद्रापलीकडे खेळायला गेला, तेव्हा मी त्यांच्यासोबत गेले होते. तिथे मी एकही सामना पाहिला नाही. तरीही त्या दौऱ्यात काय घडलं, ते माझ्याइतकं जवळून फार थोड्यांना ठाऊक आहे.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यात ओतलेल्या बिडातून, म्हणजे ओतीव लोखंडातून, माझी मान आणि पाठ निघाली, मग काळा रंग चढला, आणि त्यावर एका कारागीर बाईने सोनेरी वेल काढली. वेल काढताना तिला शिंक आली असावी, कारण डाव्या बाजूचं एक पान आजही वाकडं आहे. पेटीत बसून मी एका घरात गेले. तिथल्या सासूबाईंनी माझ्यावर उशांचे अभ्रे शिवले, झबली शिवली, शाळेचे गणवेश शिवले. शेजारणी येऊन माझी टीप बोटाने चाचपून बघायच्या आणि किती एकसारखी पडते हो, म्हणायच्या. तेव्हा मला वाटायचं, जगात माझ्यासारखी मीच.

सासूबाईंच्या मागे मी त्यांच्या सुनेकडे आले. तिला सगळी गल्ली मावशी म्हणायची. मावशीने क्रिकेटच्या मैदानाजवळ शिवणाचं दुकान काढलं, विजेवरची मशीन घेतली आणि मला फळीखाली सरकवलं. माझ्या पेटीवर चिंध्यांचं गाठोडं आलं. गाठोड्यावर मोडकी छत्री आली. किती वर्षं गेली ते मोजायला माझ्याकडे काही नव्हतं.

त्या मैदानावर मुलींचा राष्ट्रीय संघ उभा राहत होता. संघ अगदी कोवळा. चौदा जणींपैकी एकीनेही दुसऱ्या देशाशी सामना खेळला नव्हता, आणि विमान सगळ्यांनी खालूनच पाहिलं होतं. कप्तान एका शाळेत गणित शिकवायची. दौरा ठरला आणि पांढऱ्या कपड्यांची खोकी आली. ते कपडे पुरुषांच्या संघाकडून उरलेले होते. मावशीने चौदा जणींना दुकानात रांगेने उभं केलं, कंबर मोजली, उंची मोजली, पँटी खालून कापल्या आणि कमरेत दाबल्या. काम दोन दिवसांत उरकलं.

संघाबरोबर एखादी वडीलधारी बाई असावी, असा नियम होता. कप्तानने मावशीला गळ घातली. मावशी म्हणाली, येते, पण रिकाम्या हाताने येऊन मी तिथे करू काय? विजेची मशीन न्यावी तर तिकडच्या भिंतीतली भोकं वेगळी असतात, असं तिला कुणीतरी सांगितलं. मग छत्री उचलली गेली, गाठोडं उचललं गेलं, आणि मला उजेड दिसला.

विमानतळावर मी वजनाला जड भरले. मावशीने आपल्या बॅगेतली शाल, जास्तीच्या चपला आणि खाऊचे डबे काढून दिराच्या हातात दिले. पुढे तपासणीच्या टेबलावर एका अधिकाऱ्याने माझं झाकण उघडलं आणि हे लोखंड नेमकं करतं काय, असं विचारलं. मावशीने त्याच्याच टेबलावरचा एक कागद माझ्या सुईखाली धरला, चाक चारदा फिरवलं आणि टीप घातलेला कागद त्याला परत दिला. त्याने तो उलटसुलट पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला.

तिकडे आम्ही एका कॉलेजच्या वसतिगृहात उतरलो. मला कपडे धुण्याच्या खोलीत खिडकीशी ठेवलं. खिडकीतून एक भिंत आणि तिला टेकलेल्या सायकली दिसत. गरम पाण्याचे नळ त्या खोलीतून गेले होते. बाहेर दात वाजतील अशी थंडी, त्यामुळे ज्याला त्याला याच खोलीत येऊन बसायचं असे. मुली केस वाळवत, प्रशिक्षक सर चहाचा कप घेऊन येत, आणि मला सगळ्यांचं बोलणं ऐकू येई.

मैदान कसं असेल, याची मला फार उत्सुकता होती. पण मला मैदान कळायचं ते फक्त कपड्यांवरून. सरावाचे कपडे आले की मी एकेक खूण वाचायची. मांडीवर लाल पट्टा म्हणजे ही गोलंदाज, चेंडू घासते. बाही कोपराशी विरलेली म्हणजे ही फलंदाज, घाम पुसते. छातीवर धूळ म्हणजे ती यष्टिरक्षक, जिला सगळ्या चिमणी म्हणायच्या, कारण स्टंपांमागे तिचं तोंड मिटत नसे. आणि सगळ्यांत लांब पँट होती ती शिडीची. शिडी म्हणजे संघातली सर्वांत उंच मुलगी. तिचा चेंडू इतका वेगाने येतो की आमच्याकडची मुलंसुद्धा पॅड नीट बांधून उभी राहतात, असं चिमणीने सांगितलं होतं.

पहिल्या सामन्याच्या दिवशी मी पहाटेपासून वाट पाहत होते. संध्याकाळी कपडे आले. गोलंदाजांचे लाल पट्टे सोडले तर सगळे पांढरेशुभ्र. मावशीने एकेक गुडघा उजेडाला धरून पाहिला आणि म्हणाली, गुडघ्यांवर धुण्यासारखं काहीच नाही. चिमणीला रडू फुटलं. सगळा संघ बावन्न धावांत बाद झाला होता.

दुसरा सामनाही गेला. सर या खोलीत येऊन कप्तानशी बोलले. सर स्वतः एकेकाळी देशासाठी खेळले होते, तोंडाने कडक पण मनाने वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की मुली चेंडूवर झेप घेत नाहीत, चेंडू शेजारून जातो आणि त्या नुसत्या वाकून बघतात. शिडीबद्दल तर ते फार निराश होते. घरी वाऱ्यासारखी टाकणारी मुलगी इथे येऊन बुजली, तिच्या अंगातला जोरच गेला, असं त्यांना वाटत होतं. शेवटच्या सामन्यात तिला बाहेर बसवायचं त्यांनी ठरवलं.  कप्तान खुर्चीत अगदी ताठ बसून होती, आणि माझं लक्ष उगाचच तिच्या त्या ताठ बसण्याकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी इस्त्री करायला बसली. शिडीची पँट उलटी करताच तिचा हात थांबला. आसनाजवळची, म्हणजे दोन्ही पाय जिथे जोडलेले असतात तिथली, शिवण कुणीतरी हाताने पुन्हा शिवली होती. बारीक, घाबरट टाके, एकावर एक तीन ओळी. कमरेला आतून मोठी सेफ्टी पिन, तीही वाकलेली. मावशीने पँट माझ्या पुढ्यात ठेवली. तो टाका माझा नव्हता, मावशीचाही नव्हता. मग कुणाचा?

तिने शिडीला बोलावलं आणि विचारलं. शिडी म्हणाली, काही नाही, सहज. मावशीने पुन्हा विचारलं नाही. तिने हातात खडू घेतला आणि शिडीला बाहेरच्या लांब बोळात, अंगातल्या सैल सरावाच्या पँटीवर, गोलंदाजीची धाव घ्यायला सांगितली. दार उघडं होतं, त्यामुळे मलाही दिसलं. शिडी धावत आली, हात फिरवला, शेवटचं पाऊल दाणकन पडलं. मावशीने मागच्या आणि पुढच्या पायापाशी खडूच्या रेघा मारल्या आणि टेप लावली. साडेचार फूट. मग तिने सामन्याची पँट घालून तेच करायला लावलं. पुन्हा टेप लावली. तीन फूट.

मावशी बोळातच खाली बसली. शिडीही बसली, आणि मग सगळं बाहेर आलं. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, सरावात, सामन्याची पँट घालून तिने नेहमीसारखं पाऊल टाकलं आणि पँट मागून फाटली. जाळीबाहेर फोटो काढणारे उभे होते. तिने स्वेटर कमरेला बांधला आणि पोटात दुखतंय सांगून निघून आली. खोलीत शिवून घेतलं. तेव्हापासून ती पाऊल आखूड टाकत होती.

"मला का नाही सांगितलंस?" मावशीने विचारलं.

"तुम्ही इतकी मेहनत घेऊन बेतून दिली होती. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि सरांना?"

"सरांना काय सांगू, मावशी? घाबरली म्हणतात तर म्हणू देत. ते ऐकून घेणं सोपं आहे."

मावशीने टेप बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "चूक माझी आहे गं. मी तुमची मापं उभं करून घेतली. तुम्ही तिथे काय उभ्या राहायला जाणार होता?"

तिने सगळ्यांच्या पँटी मागवल्या आणि एकेक उलटी केली. मित्रांनो, मी इतकी वर्षं कापड बघते आहे, पण त्या सकाळी जे पाहिलं ते कधी पाहिलं नव्हतं. चौदापैकी नऊ पँटींना आतून हाताचे टाके होते. कुठे पिना, कुठे चिकटपट्टी. चिमणीने आत चक्क बुटाची नाडी ओवली होती. आपल्या एकटीलाच पँट नीट होत नाही, असं त्या नऊ जणींपैकी प्रत्येकीला वाटत होतं, आणि प्रत्येकीने ते बाकीच्या तेरा जणींपासून लपवलं होतं. झेप कुणी घेत नव्हतं, त्याचं कारण ते होतं. नववी पँट कप्तानची निघाली. ती दारात उभी होती. मावशीने तिच्याकडे पाहिलं, तेव्हा ती मुलींसमोरच हसू लागली, आणि मग एकेक करत सगळ्या हसायला लागल्या.

मावशी शिडीची पँट घेऊन सरांकडे गेली. सर नुकतेच चहाचा कप घेऊन येऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. तिने पँट त्यांच्यासमोर उलटी पसरली. सरांनी टाक्यांच्या त्या तीन ओळींवरून अंगठा फिरवला.

"मला कुणी काही बोललं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही जोराबद्दल विचारलंत, सर. कपड्याबद्दल कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

सरांनी पँटीची घडी घातली, परत दिली आणि उद्या सकाळपर्यंत किती होतील एवढंच विचारलं. शिडीचं नाव त्यांनी यादीत परत घातलं.

आता प्रत्येक पँटीत आसनापाशी कापडाचा चौकोनी तुकडा घालायचा होता, म्हणजे पाय मोकळा फाकेल. पण पांढरं कापड आणायचं कुठून? त्या वसतिगृहात कपडे धुणारी एक बाई होती. तिची भाषा मावशीला येत नव्हती, मावशीची तिला. मावशीने आधी पँट दाखवली, मग दोन्ही पाय फाकवून हात गोल फिरवला. ती बाई क्षणभर बघत राहिली, आणि तिने जाऊन एक जुनी, जाड, पांढरी चादर आणली. नुसती आणली नाही, तर स्वतःच्या कात्रीने चौकोन कापायलाही बसली.

मग माझं काम सुरू झालं. चार पदरी जाड कापड, आणि माझ्या सुईने त्यात शिरायचं. तिसऱ्या पँटीला सुई मोडली. मावशीजवळ आता एकच उरली होती. तिने चाक हळू केलं. विजेची मशीन अशा ठिकाणी नुसती पळते. मला मात्र एका वेळी एक टाका घालता येतो. शिवणी जिथे एकमेकींवर येत, तिथे मावशी श्वास रोखून चाक अर्धंच फिरवी, मी कापडात उतरे, आणि सुई पलीकडे सुखरूप निघाली की आम्ही दोघी पुढे सरकत असू. दुपारी ऊन भिंतीवरून सायकलींवर आलं, तेव्हा नऊ झाल्या होत्या. मावशीने उरलेल्या पाचही घेतल्या. तिचा खांदा भरून आला, तेव्हा शिडीने चाकाला हात लावला आणि मावशीने कापड धरलं.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी खोली रिकामी होती. नळातून पाणी वाहायचं, तेवढाच आवाज. माझ्या मनात एकच विचार होता: टाके धरतील ना? सगळ्या आयुष्यात मी शिवलेल्या कपड्यांनी शाळा पाहिली होती, लग्नं पाहिली होती. पण इतक्या जोरात ओढली जाणारी टीप मी कधी घातली नव्हती.

संध्याकाळी दार उघडलं आणि कपड्यांचा ढीग माझ्यासमोर पडला. असे कपडे मी जन्मात पाहिले नव्हते. गुडघे हिरवे, कोपर हिरवे, चिमणीची सगळी छाती चिखलाने माखलेली. कप्तानच्या पँटीचा एक गुडघाच उडाला होता. शिडीच्या मांडीवरचा लाल पट्टा गुडघ्यापर्यंत ओघळला होता. मावशीने तिची पँट उलटी केली. चादरीचा तुकडा चारी बाजूंनी ताणून पिवळट पडला होता. एका कोपऱ्यात दोरा जरा ओढला गेला होता. शिवण शाबूत होती.

मला वाटलं, आपण जिंकलो. मुलींचा गोंगाटही तसाच होता. पण आपण नऊ धावांनी हरलो होतो. शिडीने पाच गडी बाद केले होते आणि सामना शेवटच्या षटकापर्यंत गेला होता. हरल्यावर माणसं इतकी का बोलतात, हे मला त्या दिवशी कळलं नाही. नंतर शिडी खोलीत आली, मावशीशेजारी बसली आणि तिचा दुखरा खांदा दाबू लागली. सर दारात येऊन म्हणाले, "आज पाऊल पूर्ण पडलं." शिडीने मान हलवली.

आम्ही परतलो. पुढच्या वर्षी मुलींसाठी वेगळे कपडे बेतले गेले. मावशीने त्यांची मापं दुकानात घेतली नाहीत. मैदानावर नेऊन, त्यांना पळवून, वाकवून, झेपा घ्यायला लावून घेतली. त्यानंतरच्या दौऱ्याला मला कुणी नेलं नाही, कारण आता कपडे दुरुस्त करावे लागत नाहीत. सुरुवातीला मला ते लागलं. आता मी दुकानाच्या दाराशी असते आणि किरकोळ कामं करते. कुणाची उसवलेली बाही, कुणाची दप्तराची पट्टी. शिडी कधीतरी येते, माझं चाक उगाच एकदा फिरवून बघते.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी मशीन फळीखाली असेल, तर तिला बाहेर काढा, पुसा, वापरा. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या संघात, तुमच्या घरात कुणी अचानक आखूड पावलं टाकू लागलं, तर ते बुजलं, दमलं, घाबरलं असं ठरवू नका. जवळ बसा आणि कुठे काचतंय का ते विचारा. एकदा विचारून उत्तर आलं नाही, तर दुसरी वाट शोधून विचारा. मला तेल हवं असलं की मी करकर वाजते, सगळ्या गल्लीला कळतं. माणसांना तेवढं जमत नाही.