धनुबाईच्या गडूतला पाहुणा

धनुबाई द्वारकेहून आली ती सांगतच आली, "मी दरियामा पाच बुड्या मारी उनी!" आता सारंगखेडा म्हणजे घोडेबाजाराचं, घोड्याचे दात मोजल्याशिवाय त्याचं वय न मानणारं गाव. तापीकाठी जन्म काढून जिने घोट्याच्या वर कधी पाणी लागू दिलं नाही, ती समुद्रात बुडी मारते? सोबत गेलेला भाऊ परतताना सुरतेला आपल्या घरी उतरलेला, म्हणजे साक्षीदारही नाही.

थोरली जाऊ शोभाबाई उघडच म्हणाली, "सुरतमा भाऊघर पाहुणचार खाई उनी व्हई. मी मावंदाले जेवाव नही."

यात्रेहून परतल्यावर घालायच्या जेवणाला, मावंद्याला, थोरली जाऊ पंगतीत नाही, म्हणजे भाऊबंदही पानावर बसायचे नाहीत. तरी धनुबाईनं पुरणाचे मांडे करायला घेतले.

मावंद्याच्या दिवशी अंगणात द्वारकेहून भरून आणलेला तीर्थाचा गडू पूजला. शोभाबाई आली, पण दारातच उभी राहिली. धनुबाईच्या नवऱ्यानं, पितांबरनं, गडूच्या तोंडाची लाख फोडली आणि तीर्थ परातीत ओतलं. पाण्याबरोबर टपकन काहीतरी पडलं. बटणाएवढं अंग आणि सापाच्या पिलांसारखे पाच लांब पाय; तारामाशाच्या जातीचं. मेलेलं होतं, वासही मारत होतं. शोभाबाईनं पुढे होऊन बोट लावलं, तर एक पाय मोडूनच आला.

"हाई तापीमा सापडस का?" धनुबाई गरजली. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात भाऊबंदातला भटू बोलला. द्वारकेजवळच्या ओख्याच्या बंदरावर दोन वर्षं पाट्या वाहून आलेला हा गडी; जीभ आवरणं त्याला कधी जमलं नाही. "वयनी, हाई ते ओहोटीले खडकना डबकामा, दगडखाले बठेल ऱ्हास. बुडी मारानी तठे जागाच नही!"

धनुबाईचा चेहरा खर्रकन उतरला.

"लाट देखी नि मन्हा पाय लटपटनात," ती म्हणाली. "डबकामाईनच गडू भरी लिधा. बुडी नही मारी." आणि तिला रडू फुटलं.

आता जाऊ पाठ फिरवणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण शोभाबाईनं पदर खोचला आणि सरळ जाऊन पहिल्या पाटावर बसली.

"मी ऱ्हाती ते दरिया देखीसन पाछी गाडीमा बठी जाती. तू पानीलोंग ते गयी! वाढ आते, भूक लागनी. आनि त्या भटूले पहिले वाढ, तोंड बंद ऱ्हाई त्यानं."